पेट्रोलातला ऊस

देशातील पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचा जवळपास पाचवा हिस्सा आता इथेनॉलचा आहे. हे प्रमाण किती असावे ते केंद्र सरकार ठरवते. इथेनॉल कोणत्या मालापासून करायचे, त्या त्या मालाच्या इथेनॉलला लिटरमागे काय भाव द्यायचा आणि एखाद्या वर्षी कोणत्या मालाला मनाई करायची, हेही केंद्रच ठरवते. भाव मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीतून येतात, धोरण पेट्रोलियम मंत्रालयाचे असते, ऊस आणि धान्य वळवण्याची परवानगी अन्न मंत्रालयाची, इंधनाचे मानक भारतीय मानक ब्युरोचे. आणि टँकर डिस्टिलरीच्या फाटकाबाहेर काढायचा तर सही राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याची लागते. कागदावर हा इंधनाचा कार्यक्रम आहे. पण त्याचे गेल्या पंचवीस वर्षांतले चढउतार पाहिले, तर मिश्रणाचा वेग मुख्यतः साखरेच्या गोदामात किती पोती पडून आहेत यावर ठरत आला, असेच दिसते.

गव्हाणीपासून डेपोपर्यंत

कारखान्याच्या गव्हाणीत पडलेला ऊस मिलमधून पिळून निघतो. रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करून आटवला की घट्ट सिरप तयार होते. ते पॅनमध्ये निर्वात शिजवून दाणा पाडतात. सेंट्रिफ्युगलमध्ये फिरवून दाणा वेगळा काढला की उरते ती ए-हेवी मळी. तिच्यात अजून बरीच साखर असते, म्हणून ती पुन्हा शिजवतात. दुसऱ्या फेरीनंतर बी-हेवी उरते आणि तिसऱ्या फेरीनंतर सी-हेवी, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची जुनी काळी मळी. तिच्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही.

इथेनॉलचे सारे अर्थकारण या तीन फेऱ्यांत आहे. एक टन उसातून शंभर-एकशेदहा किलो साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीपासून दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते. कारखाना बी-हेवीवरच थांबला तर साखरेचा उतारा (उसाच्या वजनाच्या प्रमाणात निघणारी साखर) दीड टक्क्याच्या आसपास घटतो आणि इथेनॉल वीस लिटरच्या घरात जाते. रस किंवा सिरप थेट आंबवायला घेतले तर साखर शून्य आणि इथेनॉल सुमारे ७० लिटर. म्हणजे कोणत्या फेरीला थांबायचे हा निर्णय तांत्रिक दिसला तरी तो साखर किती बनवायची याचाच निर्णय असतो.

त्यातून महाराष्ट्रात एक नाजूक प्रश्न उभा राहिला. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर भाव, साखर उताऱ्यावर ठरते. बी-हेवी मळी वळवली की उतारा कागदावर घसरतो आणि शेतकऱ्याचा भावही घसरतो, जरी त्याच्या उसात साखर तेवढीच असली तरी. यावर उपाय म्हणून वळवलेल्या मळीतील साखरेचा हिशेब मांडून तेवढा उतारा पुन्हा मिळवायचा, अशी पद्धत आली. महाराष्ट्रात ही घट प्रमाणित करण्याचे काम मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे आहे. या एका दाखल्यावर टनाला काही शे रुपयांचा फरक पडू शकतो, म्हणून ऊस उत्पादकांच्या संघटनांचे लक्ष त्यावर असते.

डिस्टिलरीत मळी पाण्याने पातळ करून, यीस्ट सोडून आंबवतात. आंबलेल्या द्रवाच्या ऊर्ध्वपातनातून साधारण ९५ टक्के शुद्धतेचे रेक्टिफाइड स्पिरिट मिळते. साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे जाता येत नाही. त्या टप्प्यावर अल्कोहोल आणि पाणी एकत्रच वाफ होऊन निघतात. राहिलेले पाणी मॉलिक्युलर सीव्हमधले झिओलाइटचे मणी शोषून घेतात, आणि शुद्धता ९९.५ टक्क्यांच्या वर जाते. पेट्रोलमध्ये मिसळायला हेच निर्जल इथेनॉल चालते, कारण पाण्याचा अंश वाढला की मिश्रण फुटते. पेट्रोल वर राहते, आणि पाणी व इथेनॉल खाली बसते.

तेल कंपनीच्या डेपोत इथेनॉलच्या टाक्या वेगळ्या असतात. आलेल्या टँकरचा नमुना घेऊन घनता आणि पाण्याचा अंश तपासतात. मिश्रण शेवटच्या क्षणी, पंपाकडे जाणारा टँकर भरताना होते. पंपावरही काळजी घ्यावी लागते. टाकीच्या तळाशी पाणी साचले आहे का, हे डिप रॉडला पेस्ट लावून पाहण्याची पद्धत जुनी आहे. निव्वळ पेट्रोलमध्ये झिरपलेले थोडे पाणी तळाशी वेगळे पडून राहत असे. इथेनॉल ते आधी स्वतःत विरघळवते आणि मर्यादा ओलांडली की एकदम खाली बसते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण, व्हेंट पाइप आणि सील यांची तपासणी आता दुर्लक्ष करण्याजोगी बाब राहिलेली नाही.

मधला एक मुक्काम राज्य सरकारचा आहे. इथेनॉल हे शेवटी अल्कोहोल असल्याने महाराष्ट्रातील डिस्टिलऱ्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतात. औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण केंद्राचे की राज्यांचे, हा वाद दशकानुदशके चालला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने केंद्राच्या बाजूने कौल दिला होता. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरवला आणि औद्योगिक अल्कोहोलच्या नियमनाचा अधिकार राज्यांना असल्याचे सांगितले. परराज्यात जाणाऱ्या टँकरवरची फी आणि परवाने हा कार्यक्रमाच्या सुरुवातीपासूनचा ठणका आहे. या निकालानंतर त्यात राज्यांचे पारडे जड झाले.

मिरज आणि मनमाड

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना भारतात नवी नाही. संयुक्त प्रांतात १९४० मध्ये पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, केंद्राने भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा केला. तो पुढे बराच काळ नुसता पुस्तकात राहिला. तेल स्वस्त होते आणि मळीला दारू व रसायन उद्योगाकडून मागणी होती. शिवाय १९६१ च्या नियंत्रण आदेशाने मळीचा भाव आणि वाटप सरकारने हातात ठेवले होते. ते नियंत्रण १९९३ मध्ये उठले. पॉवर अल्कोहोलचा कायदा २००० मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी सरकारने तीच गोष्ट नव्याने सुरू केली.

२००१ च्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी तीन ठिकाणे निवडली गेली. दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड, आणि तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. निवड उघडच होती. तिन्ही ठिकाणी तेलाचा डेपो होता आणि टँकरच्या टप्प्यात साखर कारखाने. पाच टक्के मिश्रणाने गाड्यांना अडचण येत नाही असे दिसल्यावर जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण लागू झाले. महाराष्ट्र आणि गोवा पहिल्या यादीतच होते.

त्या वेळी गोदामे साखरेने भरलेली होती. लगेच दुष्काळ पडला. देशाचे साखर उत्पादन २००२-०३ मधील सुमारे २०० लाख टनांवरून दोन वर्षांत १३० लाख टनांच्या आसपास आले, मळी महाग झाली आणि ब्राझीलमधून अल्कोहोल आणावे लागले. ऑक्टोबर २००४ मध्ये सक्तीला अट जोडली गेली: इथेनॉल उपलब्ध असेल आणि भाव परवडत असेल तरच मिसळा. अशी अट घातली की सक्ती नावापुरती राहते. पुढे ऊस वाढला तेव्हा, २००६ मध्ये, पाच टक्क्यांचा आदेश वीस राज्यांपर्यंत नेला. २००९ च्या जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्क्यांचे स्वप्न लिहून ठेवले. २०१० मध्ये लिटरला २७ रुपये हा हंगामी भाव ठरला. रसायन उद्योग आणि दारूवाले त्याहून जास्त देत असल्याने कारखान्यांनी इंधनाकडे पाठ फिरवली. जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा राजपत्रात आदेश निघाला. २०१३-१४ या इथेनॉल पुरवठा वर्षात प्रत्यक्ष मिश्रण झाले १.५३ टक्के, एकूण ३८ कोटी लिटर. दहा वर्षांच्या आदेशांचे हे फळ होते.

कोंडी फुटली ती आदेशाने नाही, भावाने. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने कारखान्यापासून डेपोपर्यंतच्या अंतरानुसार लिटरला ४८.५० ते ४९.५० रुपये असा ठरीव भाव जाहीर केला. निविदांतली घासाघीस संपली आणि कारखान्यांना पुढच्या हंगामाचे गणित मांडता येऊ लागले.

तीन मळ्या, तीन भाव

२०१७-१८ च्या हंगामात देशात ३२० लाख टनांहून अधिक साखर झाली. भाव कोसळले, कारखान्यांकडे शेतकऱ्यांची थकबाकी साचली. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या वर्षी कित्येक ठिकाणी महिने उलटले. २०१८ चे राष्ट्रीय जैवइंधन धोरण या पार्श्वभूमीवर आले. त्याने २०३० पर्यंत वीस टक्के हे लक्ष्य ठेवले. पण साखर पट्ट्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती ती बी-हेवी मळी, उसाचा रस आणि खराब धान्य यांना दिलेली परवानगी. तोवर साखर काढून उरलेल्या मळीचेच इथेनॉल होत असे. आता साखर न बनवता इथेनॉल बनवण्याचा रस्ता मोकळा झाला.

त्याच वर्षी मालानुसार वेगळे भाव ठरले. २०१८-१९ साठी सी-हेवीच्या इथेनॉलला ४३.४६ रुपये, बी-हेवीच्या ५२.४३ आणि रसाच्या ५९.१३ रुपये. पंपावर पोचेपर्यंत हे तिन्ही रेणू एकच असतात. भावातला फरक म्हणजे न बनलेल्या साखरेची भरपाई. इथेनॉलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. डिस्टिलरी उभारणाऱ्यांना बँकेच्या व्याजात पाच वर्षे सहा टक्के किंवा निम्मे, जे कमी असेल ते, अशी सवलत मिळाली. तेल कंपनी, कारखाना आणि बँक यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन इथेनॉलचे पैसे थेट कर्जखात्याशी जोडलेल्या एस्क्रो खात्यात जमा होऊ लागले. साखर विकून पैसे कधी येतील याचा नेम नसतो. इथेनॉलचे साधारण तीन आठवड्यांत येतात. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यातील कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या किंवा वाढवल्या, त्यामागे हे कारण लिटरच्या भावाइतकेच मोठे होते.

यंत्रसामग्री बनवणारेही जवळच होते. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज या क्षेत्रातली जगातली एक मोठी कंपनी आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाचे तंत्रज्ञानही तिचेच. त्याची क्षमता वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर आहे. देशाच्या गरजेच्या मानाने ही मात्रा मिठाच्या चिमटीएवढी.

मिश्रण झपाट्याने वाढले. दहा टक्क्यांचे लक्ष्य नोव्हेंबर २०२२ चे होते, ते जूनमध्येच गाठले गेले. त्याआधीच वीस टक्क्यांची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर ओढली होती. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीचा आराखडा ५ जून २०२१ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी पुण्यात तीन पंपांवर शुद्ध इथेनॉलचा प्रायोगिक पुरवठा सुरू झाला. मिश्रण न केलेल्या पेट्रोलवर लिटरला दोन रुपये जादा उत्पादन शुल्क लावण्याचा निर्णय २०२२ च्या अर्थसंकल्पात झाला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत ई-२० चे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे, उद्घाटन झाले, तेव्हा ते देशात ८४ पंपांवर मिळत होते. २०२३-२४ मध्ये सरासरी मिश्रण १४.६ टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीसच्या घरात पोचले.

भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हाती असणे हे या पद्धतीचे वेगळेपण, आणि ते इतर देशांशी ताडून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने आणि २००७ च्या विस्ताराने मिश्रणाची जबाबदारी तेल शुद्धीकरण कंपन्या आणि आयातदारांवर टाकली. पर्यावरण संस्था दरवर्षी किती गॅलन मिसळायचे ते ठरवते, प्रत्येक गॅलनला एक क्रमांक मिळतो, आणि ज्याला कोटा पुरा करता येत नाही तो दुसऱ्याकडून असे क्रमांक विकत घेतो. भाव बाजार ठरवतो. ब्राझीलने १९७५ मध्ये प्रो-आल्कोल कार्यक्रम सुरू केला. तिथे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सरकार ठरवते, १ ऑगस्ट २०२५ पासून ते तीस टक्के झाले. पण त्याच पंपावर शुद्ध इथेनॉलची वेगळी तोटी असते. २००३ पासून तिथे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्या आणि इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्के भावाहून स्वस्त असेल तर ते भरायचे, हा हिशेब तिथला चालक पंपावर उभ्या उभ्या करतो. भारतातल्या चालकापुढे असा हिशेबच नसतो, कारण तोटी एकच आहे.

७ डिसेंबर २०२३

२०२३ चा पावसाळा महाराष्ट्र आणि कर्नाटकात अपुरा झाला. साखर कमी होणार हे दिसत होते, भाव चढू लागले होते आणि लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी अन्न मंत्रालयाने उसाचा रस आणि सिरप यांपासून इथेनॉल बनवण्यावर चालू पुरवठा वर्षासाठी बंदी घातली. गळीत हंगाम ऐन भरात होता. तेल कंपन्यांशी करार झालेले होते, टाक्यांत माल होता. आठवडाभरात, १५ डिसेंबरला, आदेश सैल झाला आणि रस व बी-हेवी मिळून १७ लाख टन साखरेपुरते वळवण्याची मुभा मिळाली. बी-हेवी मळीचे साठे मात्र कारखान्यांत पडून राहिले. त्यांच्यापासून इथेनॉल करायला परवानगी मिळाली ती एप्रिलमध्ये. रसावरचे निर्बंध पूर्ण उठवण्याचा निर्णय २९ ऑगस्ट २०२४ रोजी झाला, नव्या पुरवठा वर्षापासून.

ग्राहकाला साखर स्वस्त मिळावी हा हेतू समजण्यासारखा आहे. पण सरकारच्याच व्याज सवलतीवर विसंबून ज्यांनी डिस्टिलरीचे कर्ज काढले होते त्यांचा हप्ता बंदीच्या महिन्यांतही चुकत नव्हता. २००४ मध्ये अट घालून जे केले तेच २०२३ मध्ये एका आदेशाने झाले. फरक एवढाच, की २००४ मध्ये कारखान्यांची फार गुंतवणूक नव्हती.

बंदी उठली तरी भाव उठला नाही. बी-हेवीचा ६०.७३ आणि रसाचा ६५.६१ रुपये हे भाव २०२२-२३ पासून तसेच राहिले. थोडी वाढ मिळाली ती सी-हेवीला, जानेवारी २०२५ मध्ये ५७.९७ रुपयांपर्यंत. एफआरपी मात्र दरवर्षी वाढत गेली: १०.२५ टक्के उताऱ्याच्या उसाला २०२२-२३ मध्ये टनाला ३,०५० रुपये, २०२३-२४ मध्ये ३,१५०, मग ३,४०० आणि २०२५-२६ मध्ये ३,५५०. ढोबळ हिशेब असा पडतो. टनातून ७० लिटर धरले तर रसाच्या इथेनॉलचे ४,५९३ रुपये हाती येतात. एफआरपी दिल्यावर २०२२-२३ मध्ये त्यातले सुमारे १,५४० उरत. २०२५-२६ मध्ये सुमारे १,०४० उरतात. प्रक्रिया, पगार, वाफ, सांडपाणी आणि कर्जाचे व्याज हे सगळे त्यातच. साखरेचा किमान विक्री दरही फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयेच होता. त्यामुळे कारखानदारांची तक्रार दोन्ही बाजूंनी आहे. ऊसतोड मजूर आणि वाहतुकीचा खर्च महाराष्ट्रात एफआरपीतूनच वजा होतो, म्हणून शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम जाहीर आकड्याहून कमी असते, हे या हिशेबात धरलेलेच नाही.

मक्याचा आणि सोयाबीनचा संबंध

रसाची वाट अडली तेव्हा वीस टक्क्यांचे लक्ष्य सोडले गेले नाही; माल बदलला. जुलै २०२३ मध्ये भारतीय अन्न महामंडळाने डिस्टिलऱ्यांना तांदूळ देणे थांबवले होते. मग उरला मका. सरकारने मक्याच्या इथेनॉलला जादा प्रोत्साहन देऊन भाव ७१.८६ रुपये केला, इतर सगळ्या मालांहून जास्त. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. डिस्टिलऱ्या मक्यावर तुटून पडल्या, कोंबडीखाद्य बनवणाऱ्यांना मका महाग पडू लागला आणि वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये आयातदार झाला. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर भागातल्या मका उत्पादकांना मात्र बरे दिवस आले.

या साखळीचे दुसरे टोक लातूर आणि विदर्भात निघाले. मक्यातला पिष्टमय भाग आंबून जातो आणि प्रथिने मागे राहतात. हा उरलेला चोथा वाळवून डीडीजीएस नावाने पशुखाद्य म्हणून विकतात. एका टन मक्यामागे तो तीनशे किलोच्या आसपास पडतो. इथेनॉल वाढले तसा तो बाजारात ढिगाने आला आणि सोयाबीन पेंडेहून स्वस्त विकला जाऊ लागला. पेंडेचा उठाव घटला की तेल गिरण्या सोयाबीनला कमी भाव देतात. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भाच्या बाजार समित्यांत शेतकऱ्यांना त्याहून बरेच खाली विकावे लागले. भाव पडण्याची कारणे आणखीही होती, जागतिक बाजारात सोयाबीन मुबलक होते. पण त्यातले एक कारण पेट्रोलच्या मिश्रणाच्या नियमातून आले होते. या शेतकऱ्यांचे नाव इथेनॉल धोरणाच्या कोणत्याही टिप्पणीत लाभार्थी म्हणून नाही आणि बाधित म्हणूनही नाही.

पुढे तांदळाचे साठे वाढले तसा तांदूळही परत आला. जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाच्या तांदळाचा भाव डिस्टिलऱ्यांसाठी २,८०० वरून २,२५० रुपये क्विंटल केला गेला. सरकारला तो खरेदी, साठवण आणि व्याज धरून पडतो त्यापेक्षा ही किंमत बरीच कमी आहे, म्हणजे लिटरच्या भावात न दिसणारे एक अनुदान धान्याच्या खात्यावर चढते. सहकारी साखर कारखान्यांसाठी मार्च २०२५ मध्ये आणखी एक व्याज सवलत योजना निघाली: उसावर चालणारी डिस्टिलरी मका आणि खराब धान्यावरही चालेल अशी करून घ्यायची. महाराष्ट्रात गळीत हंगाम चार-साडेचार महिन्यांचा असतो आणि उरलेला काळ यंत्रे बंद असतात, हे पाहता योजनेत तथ्य आहे. मात्र मका विकत घ्यायला कारखान्याला भांडवल लागते, आणि उसासारखा तो सभासदाच्या बांधावरून येत नाही.

टाकीतले वीस टक्के

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळले की मिश्रणातली ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा मात्र जास्त असतो, आणि त्याचा फायदा घेण्यासाठी बनवलेले इंजिन काही तूट भरून काढते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात हे आकडे स्पष्ट आहेत: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत सहा-सात टक्के घट, तशाच दुचाकीत तीन-चार टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकीत एक-दोन टक्के. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० सहन करणारे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनेही त्याला जुळवलेली असावीत, असे ठरले. रस्त्यावरच्या बहुसंख्य दुचाकी आणि गाड्या त्याआधीच्या आहेत.

२०२५ च्या उन्हाळ्यात देशभर ई-२० च मिळू लागल्यावर मायलेज आणि रबरी भागांच्या तक्रारी जोरात आल्या. ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने घट किरकोळ असल्याचे सांगितले. जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आहेत, असेही म्हटले. इथेनॉल नसलेले पेट्रोल हा पर्याय ठेवावा आणि पंपावर प्रमाण लिहावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांच्या पीठाने फेटाळली.

याचिका फेटाळली गेली तरी किमतीचा प्रश्न शिल्लक राहतो. २०२१ च्या आराखड्यात कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रित इंधनावरचा कर कमी करण्याचा विचार मांडला होता. तसे झाले नाही. मंत्रालयाच्याच निवेदनानुसार जुलै २०२५ अखेर इथेनॉल खरेदीचा सरासरी खर्च वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१.३२ रुपये होता आणि तो शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलहून जास्त होता. म्हणजे स्वस्त इंधन हा या कार्यक्रमाचा दावा आता सरकारही करत नाही. दावा आहे तो परकीय चलनाचा: २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत सुमारे १.४४ लाख कोटी रुपये वाचले, असा सरकारी आकडा आहे. त्यातून आयात खत, आयात मका आणि सवलतीचा तांदूळ यांचा खर्च वजा केला तर काय उरते, हे निवेदनात सापडत नाही.

पाण्याचा आकडा

निती आयोगाच्या त्याच २०२१ च्या आराखड्यात आणखी एक आकडा आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. कोल्हापूर-सांगलीत, जिथे पाऊस आणि नदी दोन्ही आहेत, तो फारसा बोचत नाही. मराठवाड्यात बोचतो. २००१ मध्ये ज्या मिरजेतून इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रयोग झाला, त्याच मिरजेच्या स्थानकातून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याच्या पाण्याची रेल्वे निघाली, आणि लातूर जिल्ह्यात तेव्हाही ऊस होता. ठिबक सिंचनाने गरज कमी होते, पण इथेनॉलच्या भावात पाणी वाचवणाऱ्याला वेगळा पैसा नाही. प्रदूषणाची बाजू त्या मानाने सुधारली. एका लिटर अल्कोहोलमागे स्पेंट वॉश नावाचे दहा-बारा लिटर गडद सांडपाणी निघते आणि ते नदी-ओढ्यांत सोडल्याच्या तक्रारी एकेकाळी साखर पट्ट्यात नित्याच्या होत्या. आता नव्या डिस्टिलरीला सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट असते. ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडबरोबर (रस गाळून उरलेल्या गाळाबरोबर) कुजवून खत करतात.

वीसनंतर

बाकीच्या नवीकरणीय इंधनांचे नियम अजून कोवळे आहेत. डिझेलमध्ये २०३० पर्यंत पाच टक्के बायोडिझेलचे लक्ष्य आहे आणि प्रत्यक्ष प्रमाण नगण्य. शहर गॅस कंपन्यांवर २०२५-२६ पासून बायोगॅस मिसळण्याची सक्ती आहे; एक टक्क्यापासून सुरू होऊन ती टप्प्याटप्प्याने पाच टक्क्यांवर न्यायची आहे. आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का आणि २०२८ पासून दोन टक्के शाश्वत इंधन असावे, असे सूचक लक्ष्य आहे. अल्कोहोलपासून विमान इंधन करता येते, म्हणून कारखानदारांचे डोळे तिकडे लागले आहेत.

पेट्रोलचे वीस टक्के भरल्यानंतरचा पेच आता समोर आहे. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागितले. देऊ केले गेले सुमारे १,७७६ कोटी लिटर. वाटपात मक्याचा वाटा सर्वांत मोठा, पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास राहिला. रस, बी-हेवी आणि सी-हेवी मिळून उसाला तीस टक्केही मिळाले नाहीत. साखर संघटना तीन गोष्टी मागतात: रसाच्या आणि बी-हेवीच्या इथेनॉलचा भाव एफआरपीशी जोडावा, साखरेचा किमान दर वाढवावा आणि मिश्रण सत्तावीस टक्क्यांकडे न्यावे किंवा फ्लेक्स गाड्यांवरचा कर कमी करावा. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसचा फ्लेक्स नमुना ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते दिल्लीत दाखवला गेला होता. फ्लेक्स गाडी रस्त्यावर यायची तर पंपावर दुसरी तोटी लागेल, आणि त्या तोटीवरच्या इथेनॉलचा भाव पेट्रोलहून एक तृतीयांशाने कमी ठेवावा लागेल. ७१ रुपये खरेदीच्या भावात ते बसवायचे तर केंद्र आणि राज्य दोघांनाही आपापल्या करावर पाणी सोडावे लागेल. २०२५-२६ साठी सरकारने साखरेच्या बाजूने १५ लाख टन निर्यातीची परवानगी दिली.